कातळ आणि चाकोरी

मराठी समीक्षेत 'चाकोरीबाहेरचा' या विशेषणाइतके स्वस्त झालेले दुसरे विशेषण क्वचितच सापडेल. कविता चाकोरीबाहेरची, कादंबरी चाकोरीबाहेरची, इतकेच काय, अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले पुस्तकही चाकोरीबाहेरचेच. हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, याचे एक कारण असे असावे की चाकोरी ही वस्तू आता फारशी कुणी पाहिलेली नसते. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली खाच. रत्नागिरीजवळच्या आमच्या सड्यावर ती अजून पाहायला मिळते, आणि तीही मातीत नव्हे, दगडात. बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी जांभ्या कातळात घासघासून उमटवलेल्या त्या दोन समांतर रेघा आहेत. इंग्रजीतल्या 'ऑफ-रोड' या शब्दाला याहून चपखल मराठी पर्याय मला तरी सुचत नाही. 'ऑफ-रोड' गाडी म्हणजे चाकोरीबाहेर जाऊ शकणारी गाडी.

या शब्दाशी थोडा वेळ थांबण्याचे निमित्त मात्र अगदीच असाहित्यिक होते. आमच्या पिकअपला रॉक स्लायडर बसवायचे होते.

वाचकांपैकी बहुतेकांना ही वस्तू अपरिचित असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडीच्या दारांखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान, पत्र्याचा एक उंबरा असतो. खडकाळ वाटेवर चाके खाली उतरली की हा उंबरा दगडावर टेकतो, पत्रा चेपतो आणि दार लागेनासे होते. हे टाळण्यासाठी त्याच्या खाली, चॅसीच्या आधाराने, जाड पोलादी दांडा बसवतात. गाडीचा भार दगडावर पडलाच तर तो या दांड्यावर पडावा आणि गाडी त्यावरून सरकत पुढे जावी, एवढेच त्याचे काम. पिकअपला त्याची गरज अधिक, कारण मागच्या हौद्यामुळे तिच्या चाकांमधले अंतर मोठे असते. आमची गाडी २०१६ साली भारतात आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसपैकी एक, जुनी घेतलेली. तिच्या दोन आसांमध्ये तीन मीटरहून अधिक अंतर आहे. एवढ्या लांब पोटाची गाडी उंचवट्यावर चढली की मधोमध टेकणारच.

आमची कलमे सड्यावर आहेत. कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडायचे, त्यांत खालून आणलेली माती भरायची आणि त्यांत हापूस लावायचा, अशी ती आजोबांच्या काळातली बाग. तिथवर जाणारी वाट म्हणजे जुनी गाडीवाटच. मार्च ते मे पेट्या आणि क्रेट खाली आणायचे, पावसाआधी खत वर न्यायचे, एवढाच आमचा 'ऑफ-रोड' पराक्रम. परंतु एका जुन्या चिरेखाणीच्या कडेला वाट अशी वळते की तिथला एक टोकदार चिरा डाव्या दाराखाली नेमका लागतो. दोन हंगामांत तो उंबरा पुरता चेपला होता.

बाजारात या नावाखाली जे मिळते त्यातले बरेचसे खरे तर पायपट्टी असते. पातळ नळी, वर रबराची चकती, चकचकीत रंग, आणि बहुधा बॉडीच्या पत्र्याला कसलेले चार बोल्ट. अशा पट्टीवर गाडीचा भार आला तर ती वरच्या बाजूला दुमडते आणि जो पत्रा वाचवायचा त्यातच घुसते. हे पारखायचे एक साधे साधन आहे: त्या दांड्याखाली जॅक लावून गाडी उचलता येईल का, हे विचारावे. विक्रेता घुटमळला की समजावे, ती पायपट्टी आहे. (समीक्षाग्रंथांसाठीही अशी एखादी जॅकची कसोटी असती तर किती बरे झाले असते!)

दुसरा प्रश्न वेल्डिंग की बोल्ट हा. वेल्ड केलेला दांडा अधिक एकजीव, हे खरे. पण वेल्डिंगच्या आचेने चॅसीचा मूळ लेप जळतो, सांध्याजवळच्या पोलादाचे गुण बदलतात, आणि कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंजाला आयती वाट मिळते. बोल्टचा दांडा काढता येतो, मागची लाल माती धुता येते. ही माती एकदा कोपऱ्यात बसली की ओल धरून ठेवते, आणि लोखंड दगडापेक्षा या ओलीनेच लवकर जाते. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना झाकण हवे आणि खालच्या अंगाला पाणी निथळायला भोके. पावडर कोटिंग दिसायला देखणे, पण एकदा खरवडले की गंज त्याच्या आतून पसरत जातो. साधा प्रायमर आणि साधा काळा रंग दर वर्षी ब्रशने मारता येतो. जाडी चार मिलिमीटर पुरे. जोडीचे वजन चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते, म्हणजे तेवढा माल हौद्यात कमी.

इथवरचा विचार सोपा होता, कारण तो गाडीच्या बाजूने केलेला होता. 'संरक्षक' हे विशेषण आपण उच्चारतो तेव्हा कुणाचे आणि कुणापासून हे बहुधा गृहीतच धरलेले असते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहनांच्या क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाशी ते विसंगत ठरत होते आणि पादचाऱ्यालाही त्यांचा धोका होता. आतल्याचे कवच ते बाहेरच्याचे हत्यार, असा तो मामला. माझा दांडा दारांच्या रेषेबाहेर डोकावणार नव्हता, त्यामुळे माणसाला त्याचे भय नव्हते. पण त्याची गाठ माणसाशी पडायचीच नव्हती. ती कातळाशी पडायची होती.

जांभा हा मोठा विलक्षण दगड. जमिनीखाली असतो तोवर कापण्याइतका मऊ, हवा लागली की कठीण. 'लॅटराइट' हे त्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातल्या अनुभवावरून रूढ केले, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. आपला 'चिरा' मात्र चिरण्याची क्रियाच लक्षात ठेवतो. सड्यावरचा उघडा कातळ उन्हापावसाने काळा पडलेला असतो. त्यावर लोखंड घासले की खालचा तांबूस रंग उघडा पडतो. आमच्या वळणावरच्या चिऱ्यावर असा वीतभर लाल ओरखडा मी पाहिला, आणि मला कशेळीची आठवण झाली.

कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा एक हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात कितीतरी लहानमोठे प्राणी आहेत. कातळशिल्पे म्हणून आज ओळखली जाणारी ही चित्रे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवून उजेडात आणली. २०२२ मध्ये त्यांतल्या नऊ स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले, एक गोव्यातले. त्यांच्या रेषा थोड्याच सेंटिमीटर खोल आहेत. कुणीतरी कातळाचा काळा थर खरवडून खालचा लाल रंग उघडा केला, तेव्हा ती रेघ आमच्या चिऱ्यावरच्या ओरखड्यासारखीच ताजी दिसत असणार. द्रव्य तेच, क्रियाही जवळजवळ तीच. फरक हेतूचा आहे, असे आपण साहित्याचे लोक चटकन म्हणू. परंतु चाक आणि दांडा यांना हेतू नसतो म्हणून त्यांची रेघ कातळाला कमी लागते असे नाही. आणि पावसाळ्यात गवताखाली, उन्हाळ्यात पातेऱ्याखाली, आपण कशावरून जात आहोत हे गाडीत बसून कळत नाही. ज्या सड्यांवर अजून कुणी शोध घेतलेला नाही, तिथे तर नाहीच नाही.

रॉक स्लायडरच्या जाहिरातींचा सूर एकच असतो: आता कुठेही जा. मला त्याचा नेमका उलटा उपयोग दिसू लागला. आमच्या वळणावर त्या चिऱ्याला भिऊन गाड्या काय करतात? चाकोरी सोडतात. उजवीकडे स्वच्छ कातळावर चढतात, वळसा घालतात आणि पुन्हा वाटेला लागतात. दर वर्षी हा वळसा थोडा रुंद होतो. त्या पट्ट्यात श्रावणात गेंद आणि सीतेची आसवे फुलत. गेली काही वर्षे तिथे टायरच्या खुणाच दिसतात. चाकोरीबाहेर जाणे हे इथे धाडस नसून निव्वळ पत्र्याची काळजी आहे. दाराखाली भक्कम दांडा असेल तर त्याच चिऱ्यावर, त्याच जुन्या ओरखड्यावर टेकत, सावकाश, चाकोरीतूनच जाता येते. गाडीच्या अंगावर कवच हवे ते याकरिता. खाणीजवळचा तो चिरा छिन्नीने उडवून टाका, असेही एका शेजाऱ्याने सुचवले होते. तो अधिक स्वस्त उपाय आहे हे मान्य. पण मग वाट सुधारते, सुधारली की रुंद होते, आणि रुंद वाटेवर जेसीबी येतो, हा क्रम कोकणात इतक्यांदा पाहिला आहे की तो चिरा तिथेच राहिलेला बरा असे मला वाटते.

मिस्त्रींनी माप घेतले तेव्हा अर्थातच यातले काही मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी विचारले, "सर, पाइप दोन इंच बाहेर काढू या काय? पाय ठेवायला होईल, दिसायला पण भारी."

"नको. दारांच्या आतच राहू दे. आणि तुम्ही खालून भोके ठेवा पाणी जायला."

"आतच ठेवलात तर बाजूने घासणार नाही कुठे. पण मग लोकांना दिसणार पण नाही हां, बसवलाय ते."

त्यांनी दुसऱ्या आठवड्यात दोन्ही दांडे बसवून दिले. डावा आतापर्यंत एकदा रंगवून झाला आहे. उजव्याचा मूळ रंग अजून शाबूत आहे.