तेरा गडी

गतवर्षीं आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी फुटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा अर्ज घेऊन आला. क्रीडासमितीचें अध्यक्षपद आमच्या गळ्यांत असल्यामुळें सही आमचीच हवी होती. "गडी किती?" आम्हीं विचारलें. "तेरा, सर." "मग हरण्यासाठींच जावयाचें कशाला?" असें म्हणून आम्हीं अर्ज परत केला. तो कांहीं बोलला नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस फेरो बेटांचें स्मरण झालें. स्कॉटलंड व आइसलंड यांच्यामधील ही अठरा बेटें म्हणजे डेन्मार्कच्या राज्यांतील एक स्वायत्त मुलूख. वस्ती पंचावन्न हजारांच्या आंतबाहेर. आपल्याकडील तालुक्याच्या गांवाएवढी! तरी १९४२ पासून तेथें साखळी सामने आहेत. १९४४ सालीं युद्धामुळें चेंडूच मिळेनात, म्हणून तेवढें वर्ष सामने झाले नाहींत. लहान लहान गांवांचेहि स्वतःचे संघ आहेत. वाऱ्यापावसांत हिरवळ टिकत नाहीं, म्हणून मैदानें कृत्रिम गवताचीं. बहुतेक गडी दिवसा पोटाचा उद्योग करणार आणि सायंकाळीं सराव.

१२ सप्टेंबर १९९० रोजीं त्यांनीं ऑस्ट्रियास १-० असें हरविलें. घरीं गवताचें मैदान नसल्यामुळें हा 'घरचा' सामना स्वीडनमधील लांड्सक्रोना येथें झाला. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुड्सेन लोंकरी टोपी घालून उभा होता. गोल करणारा टोर्किल निल्सेन लांकडाच्या वखारींत नोकरीस होता. आम्ही तेव्हां विद्यार्थी होतों. ती बातमी वाचून आम्हीं टाळ्या पिटल्या होत्या.

परंतु पुढच्या मे महिन्यांत बेलग्रेडला याच संघावर सात गोल झाले, हें आम्ही सोयीस्करपणें विसरलों होतों. ते गडी घरीं परतले, कामावर गेले आणि पुन्हां मैदानावर उतरले. २०२३ सालीं सुमारें पांच हजार वस्तीच्या क्लाक्सविकचा संघ युरोपच्या कॉन्फरन्स लीगमध्यें गटसाखळीपर्यंत पोहोंचला. त्या बेटांवरील कोणताहि संघ तेथवर पूर्वीं गेला नव्हता. मधल्या वर्षांतील पराभव कोणी चुकविले असते, तर हा दिवस उगवला नसता.

यंदा अर्ज आला, तेव्हां गड्यांची संख्या न विचारतां आम्हीं सही केली. आणणारा मुलगा मात्र निराळा होता. गतवर्षींच्या मुलाचें तें शेवटचें वर्ष होतें.