टेम्पो दिसतो, नंबर दिसत नाही

संपादकांनी लेख मागतानाच बजावलं, ‘फार तांत्रिक नको.’ मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाडीभोवती टेप घेऊन फिरायचं आणि नुकसानीचा आकडा काढायचा, हा माझा पेशा. त्यातून तांत्रिक वजा केलं तर वर्कशॉपमधला चहा तेवढा उरतो. तरी बघतो.

पुण्याच्या बावधनमध्ये हल्ली नव्या गाडीत सीट कव्हरच्या आधी डॅशकॅम बसतो. त्याला कारणही आहे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. कोंडी कमी झाली, वेग वाढला आणि रॅम्प हुकतोय असं दिसताच ऐन वेळी गाडी आडवी घालणारेही वाढले. तेव्हा कॅमेरा जरूर बसवा. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही, त्याच्याविषयीच्या समजुतींशी आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक केस अजून डोक्यातून जात नाही. रात्री सव्वानऊच्या सुमाराला सर्व्हिस रोडवर एक टेम्पो कारच्या उजव्या मागच्या बाजूला घासून पळाला. मी गाडी पाहिली. बंपर फाटलेला, क्वार्टर पॅनेल आत गेलेलं आणि त्यावर जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर पिवळ्या रंगाचा आडवा ओरखडा. मालकांनी मोबाइल पुढे केला. “साहेब, सगळं रेकॉर्ड आहे.”

होतं खरं. गाडी हलते, टेम्पो उजवीकडून पुढे सरकतो आणि आपल्याच हेडलाइटच्या उजेडात त्याची नंबरप्लेट पांढरीफटक होते. पडद्यावरची वेळ दुपारी पावणेचारची, बाहेर मात्र मिट्ट काळोख. जीपीएसच्या जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवायची सेटिंग कोणी केलीच नव्हती. वर व्हिडिओ व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेला. मूळ फाइल मागितली तर ती पुसली गेलेली. कार्ड भरलं की डॅशकॅम जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढवतो. धक्का बसला की जी-सेन्सर त्या वेळची फाइल लॉक करतो, पण यांनी सेन्सर ‘लो’वर ठेवलेला. कारण आपल्या रस्त्यांवर ‘हाय’वर ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला फाइल लॉक होते आणि कार्ड भरून जातं. तिरक्या घासण्याचा धक्का त्या सेन्सरला खड्ड्याइतकाच वाटला.

क्लेम मंजूर झाला, तरी मालक भडकले ते भडकलेच. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्यावर 50 टक्के घसारा. सक्तीची वजावट वेगळी. आणि पाच वर्षं क्लेम न करता कमावलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला. “चूक त्याची, व्हिडिओ माझ्याकडे, आणि पैसे माझेच कापता?”

हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो आणि दर वेळी थकायला होतं. सर्वसमावेशक पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळतं, ते चूक कोणाची हे न बघता. ठोकणारा सापडायलाच हवा असंही नाही. मला एवढंच बघायचं असतं, की सांगितलेली हकिगत आणि पत्र्यावरच्या खुणा जुळतात का. त्या पिवळ्या ओरखड्याने ते काम केलं होतं. बोनसही तसाच. तो ‘चूक केली नाही’ म्हणून मिळत नाही, ‘क्लेम केला नाही’ म्हणून मिळतो.

मग चित्रीकरणाचा उपयोग कशाला? ठोकणारा सापडला तर. कापली गेलेली रक्कम त्याच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, आपलं शिवाजीनगरला. काही हजारांसाठी तिथे कोणी जात नाही, हेही खरं. पण माणूस जखमी झाला असेल किंवा दगावला असेल तर फरक फार मोठा पडतो. वाहन सापडलंच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार, एवढीच ठरलेली रक्कम. सापडलं, तर वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं यांचा हिशेब करून भरपाई.

आणि वाहन शोधायला नंबरच लागतो असं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एक महिला गेली. पतीला ट्रकवरच्या लाल खुणांपलीकडे फारसं सांगता येत नव्हतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रीकरण कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चाळून घेतलं आणि तो ट्रक ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर पकडला. अशा शोधात अचूक वेळ हाताशी असणं किती मोलाचं! आमच्या पावणेचारवरून पोलिसांनी कुठला सीसीटीव्ही बघायचा?

आता माझा आवडता वाद. संपादक कापतील, तरी लिहितो. कॉपी हा पुरावा होतो का? यावरचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे राहिले. वाद असा, की खोतकरांचा अर्ज दुपारी 3 च्या मुदतीनंतर आला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण, सीडीवर. ती कॉपी कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र कायद्याला लागतं; वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितलं, की कॉपी दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण मालकाने स्वतः न्यायालयात आणून दाखवलं तर नको. म्हणजे तुमच्या खिशातलं ते नखाएवढं कार्ड प्रमाणपत्राशिवाय चालू शकतं, मोबाइलवर फिरलेला व्हिडिओ अडतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले. दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही आणि फाइलची हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक फ्रेम बदलली तरी ठसा बदलतो. कायदा चांगला आहे. पण बावधनच्या नोकरदाराने हा तज्ज्ञ शोधायचा कुठे? दावा न्यायाधिकरण पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावत नाही, हे मान्य. समोरच्या कंपनीचा वकील हरकत घ्यायला चुकत नाही, हेही मान्य करा.

शिवाय चित्रीकरण दोन्हीकडून बोलतं. रस्त्यावरच्या दोन खुणांमधलं 9 मीटर अंतर गाडीने 15 फ्रेममध्ये कापलं आणि कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम घेत असेल, तर वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास. “मी तर चाळीसवर होतो, साहेब,” असं सांगणाऱ्याने आपलंच चित्रीकरण आधी एकदा बघून घ्यावं.

म्हणून वाचकहो, आजच कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेला लावा. धडक झाली तर आधी जखमींकडे बघा, मग कॅमेरा बंद करून कार्ड काढा, पाकिटात घाला आणि गाडीत दुसरं टाका. नातेवाइकांना व्हिडिओ पाठवायचा असेल तर कॉपी पाठवा. मूळ कार्ड मात्र क्लेम आणि कोर्ट दोन्ही संपेपर्यंत पुसू नका.