कल्प्रिट

वेल्ह्याच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. खिडकीतून तोरणा दिसायचा आणि काउंटरवर बसल्या बसल्या भाताचा भाव कळायचा, असा निवांत कारभार. एका संध्याकाळी मात्र रोकड ५०० रुपयांनी कमी भरली.

साहेब गरजले, "हू इज द कल्प्रिट?"

मी पडलो बी. कॉम. मला डेबिट कळतं, क्रेडिट कळतं. साहेबांनी माझ्या टेबलावरची चिठ्ठी उचलली. तीवर 'शि. ५००'. अक्षर माझंच, पण माझं सकाळचं अक्षर संध्याकाळी मलाच लागत नाही. "शि. म्हणजे शिपाई!" साहेबांनी निकाल दिला. आमचे मामा चहाचे कप गोळा करत होते. ते एवढंच म्हणाले, "मी नाय, साहेब." मी गप्प.

रात्री झोप येईना, म्हणून कोश उघडला. इंग्लंडच्या कोर्टात एके काळी नॉर्मन लोकांची फ्रेंच मुरली होती. आपल्याकडे फारसी मुरून गुन्हेगार, फिर्याद हे शब्द राहिले, तशीच. आरोपी 'मी निर्दोष' म्हणाला की सरकारी कारकून म्हणे, 'कल्पाब्ल, प्रेस्त...' म्हणजे तू दोषी आहेस, आणि ते सिद्ध करायला आम्ही तयार आहोत. आता कारकूनच तो! एवढं कोण लिहीत बसणार? त्यानं दप्तरात 'कल. प्रिट.' असं तोडून ठेवलं. पुढच्यांनी ते जोडून वाचलं आणि समोरच्या माणसालाच 'कल्प्रिट' म्हणू लागले. १६७८ साली पेम्ब्रोकच्या अर्लवर खुनाचा खटला झाला, त्यात तो असा छापलेला सापडतो. (इकडे महाराजांना छत्रपती होऊन ४ वर्षं झाली होती.) तेव्हा अर्थ नुसता 'आरोपी' एवढाच. 'अपराधी' हा नंतर चिकटला.

एका कारकुनाच्या आळसानं माणसं अपराधी झाली! मी ताडकन उठून बसलो. शि. म्हणजे शिल्लक! दुपारी फाटक्या नोटा बाजूला काढून लिफाफ्यात घातल्या होत्या.

सकाळी ड्रॉवरमध्ये लिफाफा निघाला. साहेब म्हणाले, "म्हणजे कल्प्रिट तुम्ही!"

"नाही साहेब," मी म्हणालो, "तो शब्द 'मी नाही' म्हणणाऱ्यासाठी. मी कबूल करतोय."

साहेब हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, माझ्या टेबलापाशी मात्र थांबले नाहीत. मी उठून त्यांच्यामागं गेलो. "मामा, काल मी बोलायला हवं होतं."

"साखर संपलीया," मामा म्हणाले.