आखडत्या हाताचा पृष्ठताण

काठोकाठ भरलेल्या पेल्यात ड्रॉपरने आणखी थेंब सोडत राहा. पाणी काठाच्या वर चढतं, फुगीर होतं, तरी सांडत नाही. तिथे ज्याची गाठ पडते तो पृष्ठताण. याचा स्वभाव एकच: पृष्ठभाग वाढू द्यायचा नाही, जितक्या कमीत भागेल तितक्यात भागवायचं.

हा आखडता हात त्याला रेणूंकडून मिळाला. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढत असतात; वरच्याला वरून ओढणारं पाणीच नाही. म्हणून तो आत खेचला जातो आणि पृष्ठभाग आक्रसतो. थेंब गोल होतो तो याचमुळे. दुधावर साय धरावी तसं वेगळं कातडं पाण्यावर नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. वरचे रेणू आत, आतले वर, अशी ये-जा अखंड चालू असते.

बळ म्हणाल तर बेताचंच. 20 अंश सेल्सिअसला मीटरभर लांबीवर त्याची ओढ जेमतेम सात ग्रॅम वजनाएवढी. आपल्याला ती जाणवतही नाही. मुंगी थेंबात सापडली, की मात्र सुटता सुटत नाही. लांब पायांचे पाणकिडे तर त्याच्याच भरवशावर डबकं ओलांडतात. पाय टेकतो तिथे पाण्यात खळगा पडतो आणि पाय कोरडाच राहतो. साबण लागला, की हे बळ अर्ध्याहून कमी होतं.

त्याची नस पकडली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स यांनी. स्त्रियांना विद्यापीठाची दारं बंद होती, घरकाम गळ्यात होतं. त्यांनी घरीच पत्र्याचं उथळ भांडं केलं, त्यावर एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवायची, पृष्ठभाग आणि त्यावरचा मळ दाबत न्यायचा, आणि ताण किती बदलतो ते मोजायचं. जानेवारी 1891मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं. रॅलींनी ते ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आणलं. इतक्या साध्या साधनातून इतकं नेमकं मोजमाप क्वचितच कुणी काढलं असेल.

हाच पृष्ठताण आपल्या फुप्फुसांतही आहे, आणि तिथे तो घातकी ठरू शकतो. वायुकोशांच्या आतल्या ओलाव्याचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो, कोश मिटू पाहतात. त्याला ढिला ठेवणारा स्निग्ध पदार्थ फुप्फुसंच तयार करतात. पण फार लवकर जन्मलेल्या बाळात तो पुरेसा नसतो, आणि प्रत्येक श्वासाला कोश नव्याने उघडावे लागतात. अशा बाळाच्या श्वासनलिकेत डॉक्टर तो पदार्थ बाहेरून सोडतात.