पंचांगात नसलेली तिथी

बैलाला दिवस आहे, नागाला आहे, पितरांना तर सबंध पंधरवडा आहे. भावाला राखीचा एक आणि भाऊबिजेचा एक असे दोन आहेत, गुरूला आषाढी पौर्णिमा आहे, मातेला पिठोरी अमावास्या आहे, पतीला ज्येष्ठात वटपौर्णिमा आणि कार्तिकात पाडवा आहे. ज्या पंचांगाने मनुष्याच्या एकूण एक नात्याची इतक्या दक्षतेने तरतूद करून ठेवली, त्याच पंचांगात नाते जुळण्यापूर्वीच्या त्या अस्थिर, अनिश्चित आणि विलक्षण काळासाठी, ज्यात एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याची निवड करतो, एकही तिथी राखलेली नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आणि ती आणून दिली ती कोणा शास्त्रीपंडिताने नव्हे, तर चौदा फेब्रुवारीच्या विरुद्ध दरवर्षी उठणाऱ्या ओरडीने.

आमचे उमरखेड हे वाटेवरचे गाव. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव मागे टाकून येथे येतो आणि पुढे पैनगंगा ओलांडून नांदेडच्या मुलखात शिरतो, त्यामुळे शहरात जे जे निघते ते ते थोड्या विलंबाने का होईना येथे पोहोचतेच. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांच्यामागोमाग भेटकार्डे आली, आणि आता तर सात फेब्रुवारीपासून रोज डे, प्रपोज डे, चॉकलेट डे असे करीत करीत पुरता आठवडा भरतो. हरिनाम सप्ताहाच्या या मुलखात त्याला सप्ताह म्हणताना जीभ किंचित अडखळते, एवढेच. त्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकाशी कधी एखादी पोलिसांची गाडी उभी राहते, कधी कोणा संघटनेचे चार तरुण उभे राहतात, आणि पारावर बसलेली आमच्या वयाची माणसे ‘आपल्यात हे नव्हते’ असा निकाल देऊन मोकळी होतात.

आपल्यात हे नव्हते, हा मुद्दा खरा असला तरी मला तो फारसा वजनदार वाटत नाही. ज्या सोयाबीनवर आज तालुक्यातल्या घरोघरचा प्रपंच चालतो ते आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. जमिनीला मानवले, ते राहिले. उलट बाजूने, हर्षाच्या ‘रत्नावली’तला मदनोत्सव किंवा हालाच्या सप्तशतीतली गोदातीरावरची प्रणयी माणसे पुढे करून ‘हे मुळात आमचेच’ असा दाखला काढणारे विद्वानही मला तितकेच अनावश्यक वाटतात, कारण सण हा काही इनामाची जमीन नव्हे की त्याची सनद दप्तरातून शोधून काढल्यावाचून तो भोगता येऊ नये. ज्या संताच्या नावाने हा दिवस चालतो त्याचे चरित्र इतके संदिग्ध की १९६९ मध्ये खुद्द रोमच्या धर्मपीठाने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्याचा दिवस वगळला. आणि त्या दिवसाचा प्रणयाशी संबंध जोडणारा सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणजे चौदाव्या शतकातल्या चॉसर नावाच्या इंग्रज कवीचे एक काव्य, ज्यात या दिवशी पक्षी एकत्र जमून आपापला जोडीदार निवडतात. संत गळला, पक्ष्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेलीही नाही, तरी दिवस टिकला. तेव्हा लोक तो का पाळतात याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत शोधण्यात अर्थ नाही.

ते उत्तर मला आमच्या आजीच्या तोंडच्या उखाण्यात सापडले. आजीने सबंध आयुष्यात आजोबांना नावाने हाक मारली नाही. ‘अहो ऐकलं का’ यापलीकडे तिचे संबोधन कधी गेले नाही. पण मंगळागौर असो, डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, बायकांनी दार अडवून ‘नाव घे’ म्हटले की तीच आजी चांदीच्या वाटीपासून चंद्रापर्यंत कशाकशाशी यमक जुळवून, लाजत पण ठणठणीत आवाजात, चारचौघींत आजोबांचे नाव उच्चारी. आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दिसे ते पाहून मला, पोरवयातही, कसलेतरी गुपित फुटल्यासारखे वाटे. एरवी ज्या उच्चाराला मर्यादाभंग म्हटले असते त्यालाच प्रसंगाने परवाना दिलेला असे. माझ्या समजुतीप्रमाणे सणाचे मुख्य कार्य हेच: जे एकट्याने केले असता धार्ष्ट्य ठरावे ते सर्वांनी एका दिवशी केले की रीत ठरते. शिमग्याला शिवी चालते, पाडव्याला नवऱ्याकडे हक्काने ओवाळणी मागता येते. आणि ज्याला वर्षभर एका मुलीशी दोन वाक्ये बोलण्याचे धैर्य झाले नाही असा एखादा भिडस्त पोरगा चौदा फेब्रुवारीला गुलाब पुढे करतो तेव्हा, बोलणे फिसकटलेच, तर ‘आज सगळेच देतात’ म्हणून मागे सरकायला त्याला वाट राहते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना रीतसर आवतण देतात. बैलाशी बोलण्याचीसुद्धा ज्यांनी वहिवाट घालून दिली, त्यांनी या पोराला मात्र शब्द दिले नाहीत.

ते न देण्याला कारण होते, आणि ते आमच्या नदीकाठी स्पष्ट दिसते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पैनगंगेच्या पलीकडे निजामाचा अंमल होता आणि अलीकडे वऱ्हाड, म्हणजे १९०२ च्या कराराने निजामाने इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिलेला मुलूख. दोन काठांवर कचेऱ्या निराळ्या, नाणे निराळे, कायदे निराळे. तरीही हदगाव-कळमनुरीच्या लेकी उमरखेडला येत होत्या, उमरखेडच्या तिकडे जात होत्या, आणि दोन राज्यांची सरहद्द ओलांडताना एकाही सोयरिकीला खळ पडला असे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले मला स्मरत नाही. जी सरहद्द ओलांडता येत नसे ती एकाच गावातल्या दोन आळ्यांमधली होती. सोयरीक ही दोन घरांमधली बाब. मुलगा आणि मुलगी यांचे काम फक्त संमतीला हजर राहण्याचे. जेथे निवडच नाही तेथे निवडीला तिथी कशाला हवी?

आणि हे सर्व विदर्भात घडावे, याची मला खरी मौज वाटते. दमयंती विदर्भाची, हंसाच्या तोंडून ऐकलेल्या नळाला तिने, देव वरायला आले असताना, भर मंडपात ओळखून माळ घातली. इंदुमती विदर्भाची. आणि रुक्मिणी तर अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरची, जिने भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारून, एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडून, देवदर्शनाच्या निमित्ताने बाहेर पडून, न पाहिलेल्या पुरुषाच्या रथात पाय ठेवला. त्या कौंडिण्यपुराहून आजही आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. पण आम्ही या कथेचे काय केले पाहा. लग्न लवकर जुळावे म्हणून उपवर मुलीला एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावयास सांगतात, आणि भावाची सोयरीक मोडून पळून गेलेल्या राजकन्येची ती कथा भक्तिभावाने वाचून उठलेल्या मुलीने मग बापाने आणलेल्या स्थळापुढे पोह्यांची बशी घेऊन यावे अशी अपेक्षा असते. हरितालिकेचेही तेच. पित्याने विष्णूला द्यायचे ठरविले म्हणून जी सखीच्या साहाय्याने रानात निघून गेली आणि मनातल्या शंकरासाठी वाळूची पिंडी करून बसली, तिचे व्रत आमच्या मुली चांगला नवरा मिळावा म्हणून निर्जळी उपवासाने पाळतात, आणि पळून जाणाऱ्या त्या सखीला कोणी ‘नसते उद्योग करणारी’ म्हणत नाही, कारण ती आता मूर्तीत आहे. निवडण्याचा अधिकार आम्ही नाकारला नाही; तो देवादिकांकडे सोपवून दिला आणि त्याचे वार्षिक पूजन सुरू ठेवले.

त्याच अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वे येथल्या एका महिला महाविद्यालयात, २०२० च्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर मुलींना अशी शपथ देण्यात आली की आम्ही प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, आणि हुंडा घेणाऱ्या घरी लग्नही करणार नाही. शपथेचा उत्तरार्ध कोणालाही मान्य व्हावा. पूर्वार्धाची पार्श्वभूमीही विसरून चालणार नाही: हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले होते, काही दिवसांतच तिचे प्राण गेले होते, आणि त्या आठवड्यात विदर्भातल्या कोणत्या आईबापाच्या पोटात गोळा उठला नसेल? पण ज्याने पेटविले त्याचा अपराध प्रेम करण्याचा नव्हता. मुलीचा नकार त्याला मानवला नाही, हा होता. शपथ द्यावयाचीच तर नकार ऐकून घेण्याची द्यावयास हवी होती, आणि ती मुलांना. येथेच या नव्या सणाविषयी माझीही एक तक्रार आहे. तो मागणाऱ्याला परवाना देतो, जिच्याकडे मागणे होते तिला नव्हे. चार मित्र मागे उभे करून भर वर्गाबाहेर गुडघा टेकणारा पोरगा स्वतःस धाडसी समजत असेल. समोरच्या मुलीला मात्र ‘नाही’ म्हणण्याची तेवढीच सोय त्या गर्दीने ठेवलेली नसते.

बाजाराविषयी पुष्कळ बोलले जाते, मी थोडेच बोलतो. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब याच आठवड्यासाठी वाढविले जातात आणि जहाजा-विमानांनी परदेशी जातात, त्यात एखाद्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर अक्षय्य तृतीयेच्या सोनाराइतकाच तोही क्षम्य आहे. तसेही, जानेवारी सरता सरता आमच्याकडे पैनगंगेच्या अभयारण्यात पळस पेटू लागतो आणि त्याचा भाव कोणी ठरवीत नाही; पण पळसाचे फूल देऊन आजवर कोणी कोणास मागणी घातल्याचे ऐकिवात नाही, यावरून तरुणांना फूल हवे असते की सर्वांना ओळखता येईल अशी खूण हवी असते, हे उघड होते.

चौदा तारीख उलटल्यावर त्या दिवशी जुळलेली बहुतेक प्रकरणे आपोआप विरतात. जी विरत नाहीत आणि ज्यांची जात किंवा धर्म जुळत नाही, त्यांच्याकरिता सरकारने दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत. पहिली, आंतरजातीय विवाहास प्रोत्साहन म्हणून अर्थसाहाय्य, जे २०१० मध्ये ५०,००० रुपये करण्यात आले. दुसरी, १९५४ चा विशेष विवाह कायदा, ज्याखाली मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा वर्षांची असली म्हणजे ना पुरोहित लागतो ना काझी. मात्र त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती नोटीस यवतमाळच्या कचेरीत ठळक जागी लावली जाते, आणि तीस दिवसांच्या आत कोणीही हरकत दाखल करू शकतो. हरकतीची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत, जात हे त्यांत नाही. पण नोटीस वाचावयास कारण लागत नाही. आणि उमरखेडहून यवतमाळला एस.टी. रोज जाते.