थंडीची पेटी

माणूस परमुलखात जाताना सामानात काय बांधतो, हा विचार पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घराण्यांना नवा नाही. देव्हाऱ्यातले टाक, पोथ्या, पुरणयंत्र, गोड्या मसाल्याचे प्रमाण, ही यादी इंदूरच्या कोणत्याही जुन्या मराठी घरात मिळेल. पण कोणी आपल्या मूळ प्रदेशाचे हवामानच बरोबर नेईल, हे आमच्या कधी मनात आले नव्हते. ते आम्ही पाहिले 2023 च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील मिलवॉकी शहरी, चिरंजीवांच्या गॅरेजमध्ये. तेथे एका पेटीत लागर बिअर घडत होती.

आमची नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या आबकारी खात्यात झाली. परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा, हे सूत्र अंगी मुरलेले. साहजिकच आमचा पहिला प्रश्न कायद्याचा होता. उत्तर समाधानकारक मिळाले. अमेरिकेतील 1920 ची दारूबंदी 1933 साली उठली, तरी घरगुती बिअरवरील निर्बंध कायम राहिला. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने तो दूर झाला. एका प्रौढास वर्षाला 100 गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरास 200. विक्री मात्र नाही. आमचे समाधान झाले आणि मग कुतूहल जागे झाले.

‘लागर’ हा जर्मन शब्द. अर्थ कोठार, साठवण. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा, हॉप्सची कडवट फुले आणि यीस्ट, एवढीच सामग्री. परंतु हे यीस्ट वेगळ्या स्वभावाचे. आपले इडलीचे पीठ उबेत फुगते. लागरचे यीस्ट 8 ते 13 अंश सेल्सिअसच्या गारव्यात संथपणे काम करते आणि पुढे ती बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरावी लागते. उन्हाळ्यातली बिअर नासते म्हणून बव्हेरियाच्या ड्यूकने 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात ती करण्यास मनाईच केली होती. पुढे लोकांनी तळघरे खोदली, तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत भरला, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिलवॉकीत येऊन वसलेल्या जर्मनांना बर्फ देणारी थंडी तेथेही मिळाली आणि ते शहर लागरचे माहेरघर झाले. 1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी म्युनिकच्या बिअर-कारखानदारांच्या पाठबळावर शीतयंत्र सिद्ध केले आणि थंडी ऋतूच्या हातून माणसाच्या हाती आली. चिरंजीवांची पेटी त्या यंत्राच्याच वंशातली.

पेटी म्हणजे वरून झाकण उघडणारे साधे डीप फ्रीझर. त्याला त्याच्या मर्जीने चालू दिले तर आतले सारे गोठेल. म्हणून त्याची वायर एका तापमान-नियंत्रकाला जोडलेली. नियंत्रकाला दोन सॉकेट: एकात फ्रीझर, दुसऱ्यात ऊब देणारा पट्टा. ठरल्या अंशाच्या वर गेले की फ्रीझर सुरू, खाली आले की पट्टा. मिलवॉकीच्या हिवाळ्यात गॅरेज शून्याखाली जाते, त्यामुळे थंडीच्या पेटीतही उबेची सोय लागते. कॉम्प्रेसर घाईने पुन्हा सुरू होऊन त्यावर ताण पडू नये, यासाठी मध्ये काही मिनिटांची सक्तीची विश्रांती नेमलेली. आत दमट हवा साचून बुरशी धरू नये म्हणून ओल शोषणाऱ्या खड्यांचा एक डबा. आमच्या सौभाग्यवतींनी हा सारा थाट पाहून “म्हणजे विरजणच की, फक्त उलट्या बाजूने!” असा निकाल दिला, त्या तेथे रोज ओव्हनमधला दिवा लावून त्याच्या उबेत दही लावीत होत्या.

चिरंजीवांनी एक गोष्ट मात्र आग्रहाने दाखवली. तापमान टिपणारा सेन्सर पेटीच्या हवेत लोंबत ठेवायचा नसतो. तो पिंपाच्या अंगाला चिकटवून वरून जाड आच्छादन लावायचे. “बाबा, यीस्ट काम करू लागले की स्वतःची उष्णता काढते. हवा 10 अंश दाखवते, आणि आत रस दोन-चार अंशांनी वर गेलेला असतो. हवेचे माप घेतले तर आपण फसतो.”

नोकरीत आम्ही हायड्रोमीटरने मद्याची तीव्रता मोजून कर आकारला. मापाचे महत्त्व आम्हांस नवे नव्हते. पण माप कोठे घ्यावे, हा प्रश्न त्या गॅरेजमध्ये आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला.

आपल्या समाजाचे तापमान आपण बहुधा हवेतले घेतो. गणेशोत्सव झाला, व्याख्यानमाला झाली, नाट्यगृह भरले: पारा योग्य अंशावर आहे. आमची नात शनिवारी मराठी शाळेत जाते, श्लोक म्हणते. तेही हवेचे माप. रसाचे माप घ्यायचे तर पाय घसरून पडल्यावर ती कोणत्या भाषेत ओरडते, आईशी कोणत्या भाषेत भांडते, हे ऐकावे लागेल. आम्ही ऐकले. ती इंग्रजीत भांडते. आणि इंदूरच्या घरांतही, प्रामाणिकपणे ऐकल्यास, नातवंडे हिंदीत भांडतात. वाढत्या वयाला स्वतःची उष्णता असते. भोवतालची हवा राखल्याने ती आपोआप काबूत राहत नाही.

म्हणून केवळ थंडी वाढवावी, असेही नाही. हे आम्ही पुढच्या टप्प्यात शिकलो. आंबणे संपत आले की काही दिवस तापमान मुद्दाम 16-17 अंशांपर्यंत चढवतात. आरंभी यीस्टनेच निर्माण केलेला लोण्यासारखा वास त्या उबेत यीस्टच शोषून घेते. येथे थंडीचा हट्ट धरला तर तो दोष तसाच राहून जाण्याचा धोका. त्यानंतर रोज एक-दोन अंशांनी उतरवत शून्याजवळ आणून पिंप शांत ठेवायचे.

नातीच्या चुकीच्या मराठीला हसू नये, तिचे लिंग-वचन तोडून दुरुस्त करू नये, तिला बोलू द्यावे, एवढा धडा आम्ही त्या 17 अंशांवरून घेतला. परतल्यापासून आठवड्यातून दोनदा दूरध्वनीवर तिच्याशी बोलतो. मध्येच ती इंग्रजीत शिरते. आम्ही मराठीतच उत्तर देतो आणि थांबतो. परवा शाळेतल्या एका मैत्रिणीची तक्रार तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत केली. व्याकरण अर्धेमुर्धे होते, पण राग अस्सल होता.