सेव्हच्या आठ जागा

कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरात एका पिढीने खेळलेले जवळजवळ सगळे व्हिडिओ गेम आता एका हार्ड डिस्कवर आहेत. सख्खी-चुलत अशी आम्ही सगळी भावंडं त्याच घरात वाढलो. आज कोणी छत्रपती संभाजीनगरला आहे, कोणी पुण्याला, कोणी जालन्याला. शेती बघायला काका आणि त्यांचा मुलगा गावात आहेत. दिवाळीत सगळे जमलो तेव्हा माळवदावरच्या खोलीतून जुन्या सीड्यांचं पाकीट, बंद पडलेल्या कॉम्प्युटरची काढून ठेवलेली डिस्क आणि नोकियाच्या फोनची नखाएवढी मेमरी कार्डं खाली आली. वाचता आलं तेवढं उतरवून घेतलं. खरी चर्चा सुरू झाली ती त्यानंतर, हे सगळं लावायचं कोणत्या क्रमाने यावर.

पुण्याच्या भावाचं म्हणणं सरळ होतं. यंत्राप्रमाणे फोल्डर करायचे, आत वर्षाप्रमाणे, आणि गेमची अधिकृत नावं द्यायची. जगभर हौशी लोक असंच करतात आणि त्यामागे कारणही आहे. एकच गेम वेगवेगळ्या नावांनी साठत जातो आणि नाव बघून तो ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक फाइलचा तपासणी क्रमांक काढतात. क्रमांक जुळला की गेम तोच, नाव काहीही असो. आमच्या डिस्कवर हे करून पाहिलं तेव्हा जुन्या टीव्ही गेमच्या फोल्डरचा मोठा भाग पुनरावृत्तीचा निघाला. 'मारिओ' तर किती नावांनी बसला होता. त्याची मूळ फाइल अवघी ४० केबीची. आज सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शुभेच्छांच्या फोटोलाही याहून जास्त जागा लागते, आणि तेवढ्यात आठ जगं, बत्तीस टप्पे आणि आमच्या कितीतरी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मावल्या.

ही पुनरावृत्ती आम्हाला नवी नव्हती. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोने फॅमिकॉम काढला आणि त्याच्या नकला पुढे आशियाभर पसरल्या. त्यातलीच एक नक्कल आमच्या घरात आली होती. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं. यादी खाली सरकवत गेलं की तेच गेम नाव बदलून पुन्हा येत, फार तर पुढच्या टप्प्यापासून सुरू होत. तरी थोरल्या दादाने वहीत यादी करायला घेतली होती. नंबर, नाव आणि पुढे शेरा: 'हा तोच', 'टँकवाला', 'सर्कस', 'आदिवासी', 'काँट्रा, जास्त जीव'. आमच्या संग्रहाची पहिली सूची तीच. तपासणी क्रमांक काढणारं सॉफ्टवेअर जे काम क्षणात करतं, ते दादाने आजीची बोलणी खात केलं होतं. "कवर खेळता रं लेकरंहो? डोळे जातेल!" असं म्हणत आजी येरझाऱ्या घालायची आणि काँट्राचा शेवटचा बॉस आला की स्वतःच दारात थांबून बघायची.

कॅसेट अडली की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. ताई मात्र खोडरबर घेऊन पट्टीवरचे साठ सोनेरी पिन एकेक करून पुसायची. तिचंच बरोबर होतं. फुंकरेतला ओलावा त्या पिनांना खराब करतो. बदकांच्या गेममध्ये बंदूकही तिच्याच हातात शोभायची. आता तो गेम डिस्कवर आहे, चालतो, बदकं उडतात, कुत्रा हसतो. पण बंदूक चालत नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. ही सगळी वेळ पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बांधलेली होती. आजच्या सपाट टीव्हीवर ती जुळतच नाही. म्हणून त्या गेमच्या फोल्डरमध्ये आम्ही एक साधी चिठ्ठी ठेवली आहे: याला जुना टीव्ही लागतो. खालच्या खोलीतला डबडा टीव्ही भंगारवाल्याला द्यायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरलं.

कॉम्प्युटर आला तो कापसाच्या पैशावर. ज्या खोलीत तो मांडला, तिच्यातच वेचणीच्या दिवसांत छतापर्यंत कापूस असायचा. मागचा पंखा कापसाचे तंतू ओढून घ्यायचा आणि डबा उघडला की आत पांढरी गादी जमलेली. घरातले आबा हवा मारायचा पंप घेऊन बसत आणि तो स्वच्छ करत. गेम खेळण्याबद्दल त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, पण यंत्राची काळजी सगळ्यांत जास्त त्यांनीच घेतली.

'व्हाइस सिटी'ने तर घर ताब्यात घेतलं. त्या गेममध्ये खेळ साठवायला आठ जागा होत्या, आणि आठ जागांची वाटणी आमच्या घरात शेताच्या वाटणीइतक्या गांभीर्याने झाली. पहिली दादाची, दुसरी ताईची, तिसरी-चौथी मधल्या दोघांची. शेवटची पाहुण्यांसाठी, म्हणजे सुट्टीला येणाऱ्या आत्तेभावासाठी. दुसऱ्याच्या जागेवर कुणी सेव्ह केलं तर जेवणं बंद व्हायची.

त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. लाइट जायची वेळ ठरलेली आणि ती पोरासोरांना पाठ असायची. व्हाइस सिटीत मध्येच कुठेही सेव्ह करता येत नाही, त्यासाठी हॉटेलवर किंवा विकत घेतलेल्या घरात जाऊन तिथल्या कॅसेटच्या चिन्हावर उभं राहावं लागतं. म्हणून वेळ जवळ आली की मागे बसलेल्या धाकट्याचा आवाज चढायचा, "दादा, हॉटेलला चल! लाइट जाईल, हॉटेलला चल!" आणि दादा मिशन अर्धवट टाकून, पोलीस मागे लागलेले असताना, समुद्राकाठच्या रस्त्याने हॉटेल गाठायचा.

जुन्या डिस्कवर त्या आठही फाइल्स सापडल्या. आत शेवटच्या पार केलेल्या मिशनचं नाव, आणि तारीख-वेळ. ताईच्या फाइलवर छोट्या हेलिकॉप्टरने बाँब ठेवायच्या मिशनचं नाव आहे. तिथे घरातले सगळे पुरुष हरले होते. वेळा पाहिल्या तर बहुतेक सेव्ह लाइट जायच्या जरा आधीचे. एक-दोन फाइल्सवर मात्र १ जानेवारी २००२ अशी खोटी तारीख आहे, कारण बोर्डावरचा घड्याळाचा सेल संपला होता आणि लाइट गेली की कॉम्प्युटर मागच्या काळात जायचा.

इथे आमचं मत पक्कं झालं. गेम पुन्हा मिळेल, सेव्ह मिळणार नाही. व्हाइस सिटी २००३ साली कॉम्प्युटरवर आला, पुढे परवान्यांमुळे त्यातली काही गाणी गळाली, २०२१ साली जुनी आवृत्ती दुकानांतून काढून नवी सजवलेली आणली गेली. तरी जगात कुठे ना कुठे तो राहील. ताईची दुसऱ्या जागेवरची फाइल जगात एकच आहे. म्हणून आमच्या डिस्कवर गेम यंत्राप्रमाणेच लावले, पुण्याच्या भावाचं ऐकलं. पण सर्वांत वर 'माणसं' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात प्रत्येकाच्या नावाने त्याचे सेव्ह आहेत. 'क्रिकेट ०७'ची ती टीमही तिथेच आहे, जिच्यात भारताच्या खेळाडूंच्या जागी गल्लीतल्या पोरांची नावं घातली होती. या फाइल्स नुसत्या इकडून तिकडे पाठवल्या की तारखा बदलू शकतात, म्हणून आधी झिप करून मगच हलवल्या.

मोबाइलचा भाग लावायला सर्वांत किचकट गेला. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, तासाभराने गाण्यांनी आणि जावा गेमांनी भरून घ्यायचं, अशी ती पद्धत. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, म्हणून एकाच गेमच्या १२८ बाय १६०, १७६ बाय २२०, २४० बाय ३२० अशा वेगळ्या फाइल्स. दुकानदार फोनकडे नुसतं बघून योग्य ती टाकायचा. चुकीची पडली की अर्धा गेम पडद्याबाहेर. काही कार्डं आता उघडतच नाहीत. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या अशा कार्डातला मजकूर हळूहळू विरत जातो. जी उघडली त्यांतला 'डायमंड रश' आज अँड्रॉइडवर खेळता येतो, काकांच्या मुलाने लावून दिला. आणि काकूच्या नोकिया ११००ला नवी बॅटरी घालून तिचा सापाच्या गेममधला सर्वाधिक स्कोअर आम्ही पडद्यासकट फोटो काढून ठेवला. भारनियमनाच्या अंधारात चूल आवरून ती ओट्यावर बसून खेळायची. तिच्या फोल्डरमध्ये तो एकच फोटो आहे आणि तो तिने मुलांकडून मागून घेतला.

नंतरच्या काळाचं साठवण्यासारखं फार नाही. २०१६ साली जिओ आलं आणि गावातली पोरं ऑनलाइन खेळायला लागली. पबजी सप्टेंबर २०२०मध्ये भारतात बंद झाला, त्यासोबत आमच्या भाच्यांचे रँक आणि बंदुकांचे रंगही गेले. डिस्कवर ठेवायला स्क्रीनशॉटशिवाय काही उरलं नाही. दादाच्या स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या लायब्ररीत आज आमच्या सगळ्या जुन्या संग्रहापेक्षा जास्त गेम आहेत, पैसे देऊन घेतलेले. पण विकत मिळतो तो परवाना. 'द क्रू' हा गेम मार्च २०२४मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर पैसे दिलेल्यांनाही खेळता येईना. म्हणून जिथे इन्स्टॉलर उतरवून ठेवायची मुभा आहे तिथूनच घ्यायचं, असं आता घरात ठरलं आहे. लहानपणी अस्सल सीडी घनसावंगी तालुक्यात मिळायची सोय नव्हती. आज अस्सल गेम विकत घ्यायची सोय आहे, तेव्हा गेम करणाऱ्याला त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

डिस्कच्या दोन प्रती केल्या आहेत, एक संभाजीनगरला, एक पिंपळगावात. दादाच्या वहीची पानंही स्कॅन करून आत ठेवली.

तुमच्याही घरात माळ्यावर, ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी अशी डिस्क आणि कार्डं पडलेली असतील. पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. ती या महिन्यातच कॉम्प्युटरला लावा, गेमच्या आधी सेव्ह उतरवून घ्या आणि कोणता कुणाचा हे सांगणारी मोठी माणसं घरात आहेत तोवर नावं लिहून ठेवा.